शिडी एकट्याला मिळत नाही

नव्वद वर्षं जगलेल्या बाईच्या घरात निघावं काय, तर दोन ट्रंका, एक शिलाई मशीन आणि चौदा पायऱ्यांची लाकडी शिडी. त्या शिडीमुळेच सगळं गाव त्यांना शिडीकाकू म्हणायचं. काकू गेल्याला पंधरा दिवस झाले होते, आणि त्यांची लेक, पोस्टाच्या काउंटरवर उभं आयुष्य काढलेली, बाहेरच्या खोलीत मान वर करून एका खिळ्याकडे बघत होती. खिळा पार छताला टेकला होता. आपला फोटो तिथेच लावायचा, अशी काकूंची सक्त ताकीद होती.

शिडी मुळात काकूंच्या नवऱ्याची. ते वायरमन. एकदा खाली कुणी धरायला नसताना चढले, शिडी सरकली, आणि तीन महिने अंथरुणात गेले. काकू तेव्हा पंचविशीच्या. त्यांनी दिवसभर मशीन चालवून घर ओढलं आणि शिडीला कायदा लावला. एक चढायला, एक धरायला. एकटा आलेला माणूस, मग तो मुख्याध्यापक का असेना, हात हलवत परत जायचा.

त्या कायद्याला पुढचं कलम जोडलं गेलं ते योगायोगाने. घड्याळजीची पाटी एका बाजूने निसटली होती आणि त्या वेळी गल्लीत मोकळा होता फक्त बेकरीवाला. दोघांची चार वर्षं बोलचाल बंद, कारण एकाच्या दाराशी दुसऱ्याने पाणी सोडलं होतं. काकूंनी बेकरीवाल्याला ओढत आणून शिडीशी उभं केलं. घड्याळजी आठव्या पायरीवर गेला नि त्याने खाली पाहिलं.

"धरलंय ना?" त्याने विचारलं.

"धरलंय. तू आधी खाली बघणं बंद कर!"

संध्याकाळी दोघं बेकरीत चहा पीत बसले होते.

काकूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यानंतर शिडी मागायला कुणी आलं की त्या आधी विचारायच्या, "सध्या कुणाशी बोलत नाहीस?" आणि नेमकं त्यालाच धरायला बोलवायच्या. म्हणायच्या, "वर चढलेल्या माणसाला तोरा परवडत नाही." गल्लीतले दिवे लागले, वाचनालयाचे पडदे चढले, शाळेची टाकी दरवर्षी धुतली गेली, आणि त्या निमित्ताने गावातली निम्मी भांडणं निकालात निघाली. ऐंशीव्या वर्षीही काकू कमरेवर हात ठेवून खालून हुकूम सोडायच्या.

राहिलं ते घरातलं. काकूंच्या थोरल्या मुलाने वडिलांची जुनी स्कूटर कुणाला न विचारता भंगारात दिली, आणि धाकट्याने त्याच्याशी बोलणं टाकलं. नऊ वर्षं! काकूंनी जंग जंग पछाडलं. छपराच्या पत्र्याचं निमित्त काढून दोघांना बोलावलं, तर थोरला, बसचा ड्रायव्हर, स्वतःची घडीची शिडी घेऊन हजर. ती आपल्या आपण उभी राहायची, धरणाऱ्याची गरजच नाही. त्या दिवशी काकू पहिल्यांदा हरल्या. नंतर त्या लेकीजवळ रडल्याही. "सगळ्या गावाचं केलं, आणि माझेच दोन राहिले गं."

पुढच्याच वर्षी त्यांनी रंगाऱ्याकडून तो खिळा ठोकवला आणि स्वतःचा भलामोठा फोटो फ्रेम करून ठेवला. रंगारी म्हणाला, "काकू, एवढ्या वर?" काकू म्हणाल्या, "मला सगळ्यांवर नजर ठेवायची आहे." सगळे हसले. लेकही हसली होती.

आज भाऊ खोलीच्या दोन टोकांना बसले होते. थोरला म्हणाला, "त्याला विचार, हातोडी आणलीय का." धाकटा म्हणाला, "त्याला सांग, खिळा आहेच, हातोडी कशाला?" लेक मध्ये बसून पंधरा दिवस हेच टपाल वाटत होती. आता ती पुन्हा त्या खिळ्याकडे बघायला लागली, आणि आईने तो एवढा उंच का ठोकवला ते तिला एकदम उमगलं. उद्या दोघे आपापल्या गावी गेले की पुन्हा एका छताखाली यायला काही निमित्तच उरणार नव्हतं.

धाकटा टेबलावर स्टूल चढवायला लागला. "खबरदार!" लेक कडाडली. "आईच्या घरात शिडी असताना?"

भेटायला आलेला म्हातारा घड्याळजी तत्परतेने उठला. "मी धरतो."

"तुमचं थोरल्याशी भांडण आहे?"

"छे, छे."

"मग तुमचा उपयोग नाही. बसा."

घड्याळजी गालातल्या गालात हसत बसला.

थोरला फोटो काखेत धरून चढला. चढेल नाहीतर काय! धाकट्याने, भिंतीकडे तोंड करून, शिडीला हात लावला. अकराव्या पायरीवर शिडी करकरली. थोरल्याने खाली न बघता विचारलं, "धरलंयस ना?"

धाकट्याने भिंतीकडचं तोंड वळवून वर पाहिलं.

"धरलंय," तो म्हणाला. "तू पडलास तर स्कूटर कुठल्या भंगारवाल्याला दिलीस ते सांगणार कोण?"

मग शिडी हलायला लागली. थोरला हसत होता, आणि हसता हसता शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. "हलू नकोस रे गाढवा," धाकटा ओरडला, आणि त्याने दोन्ही हातांनी शिडी गच्च धरली.

फोटो खिळ्यावर बसला, अगदी सरळ. काकू तिथून सगळ्यांकडे बघायला लागल्या.

"झालं?" थोरल्याने विचारलं.

लेकीने कमरेवर हात ठेवले. "कुठे झालं? वाकडा आहे. डावीकडे घे. आणि तू सोडू नकोस रे, धरून ठेव. बोलत राहा दोघं, मी बघते."