मग झोपायचं कधी?

बारामतीच्या डायलिसिस वॉर्डातल्या मावशींचं नाव मी दोन वर्षांत कधी विचारलं नाही. सगळे 'मावशी'च म्हणायचे. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस, टाचांना भेगा. सलग दोन पाळ्या करून डोळे तांबारलेले असायचे, तरी चादरीचा कोपरा नीट दुमडल्याशिवाय त्या पुढच्या खाटेकडे जात नसत.

वरकुट्याहून थोरल्या भावाला घेऊन मी आठवड्यातून दोनदा तिथं जायचो. दादा कण्हायला लागला की त्याचे पाय दाबत मावशी स्वर्गाचं सांगायच्या, माहेरचं सांगावं तसं. "तितं दुखणं न्हाय, रडणं न्हाय. सगळा देवाचाच उजेड. रात म्हणून न्हाय." ऐकून ऐकून मला कंटाळा आला होता.

एकदा दादाच वैतागला. जन्मभर रातच्या लायटीवर उसाला पाणी दिलेला माणूस तो. "रात न्हाय, मग झोपायचं कधी, मावशी?"

मावशींचा हात थांबला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना स्टुलावर टेकलेलं पाहिलं. "व्हय की," त्या म्हणाल्या, "ह्ये मी कुणाला इचारलंच न्हाय."

दादा गेला तो भर दुपारी, त्याच खाटेवर. डॉक्टर बाहेर पडल्यावर मावशींनी त्याचे डोळे मिटले, चादरीचा कोपरा दुमडला आणि खिडकीचा पडदा ओढून ऊन अडवलं. मग क्रूस मुठीत धरून पुटपुटल्या, "प्रभू, ह्याला लगीच उजेडात नेऊ नगं. आदी झोपू दे."