नाव नसलेली पाळी

मी नेदरलँड्सला निघालो त्या सकाळी आमची गाडी गावाच्या वेशीवरच पाऊण तास अडकली. रस्ताभर बिरातात्यांची मेंढरं होती. बिरातात्या वडूजकडचे मेंढपाळ. दिवाळी झाली की दोन-अडीचशे मेंढरं आणि घोड्यांवर लादलेलं बिऱ्हाड घेऊन ते कोरेगावच्या बाजूला, आमच्या गावी यायचे. आठ-दहा दिवस आण्णांच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायचे आणि पुढं जायचे. रानाला खत मिळायचं, मेंढरांना चारापाणी. आण्णा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार होऊन परतलेले. या दोघांची दोस्ती माझ्या जन्माआधीची. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला, आई डोळे पुसत होती, आणि आण्णा खिडकीशी वाकून मला म्हणाले, "बिरा बघ, दरसाल जातोय आन् दरसाल येतोय. तू कवा येनार तेवढं सांगून जा."

मी म्हणालो, दोन वर्षांत कायमचा येतो. त्याला आता अकरा वर्षं झाली.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितोय आणि माझ्यासारखे जे लॅपटॉप पाठीला लावून बाहेर पडले त्यांच्यासाठीही. माझा धंदा प्रोग्रॅमिंगचा. लोकांना वाटतं, एक भाषा शिकली की झालं. तसं नसतं. सांगलीला इंजिनिअरिंगला सी नावाची भाषा शिकलो. तिथं सगळं आपल्या हातात, मेमरी मागून घेतली तर आपणच परत करायची, विसरलात तर प्रोग्रॅम कुठं कोसळेल याचा नेम नाही. पुण्यात नोकरीला लागलो तर जावा. तिथं प्रत्येक गोष्टीला नाव, जात, पत्ता पाहिजे, सरकारी कचेरीत शिरल्यागत वाटतं. मग पायथन आलं, मोकळ्या बोलण्याचं. सध्या रस्टमध्ये काम करतो. त्यात लिहिलेलं तपासून घेणारा कंपायलर असा खाष्ट, की कोणती वस्तू कुणाच्या मालकीची हे सिद्ध केल्याशिवाय पुढं सरकूच देत नाही. पण चांगल्या डिझाइनची शिकवण सगळीकडं जवळपास एकच: नावं नीट द्या, तेच ते पुन्हा लिहू नका, आणि जे कुणी वापरत नाही ते काढून टाका. या शेवटच्या नियमावर माझा फार जीव होता. ऑफिसात मी त्यासाठीच प्रसिद्ध होतो. जुन्या प्रोग्रॅममधल्या हजारो ओळी उडवल्या की मला अंघोळ केल्यासारखं वाटायचं.

माझा पहिला खरा प्रोग्रॅम गावच्या पाण्याचा होता. नदीवरून आमच्या गावात पाइपलाइन आली आहे. ऊस आणि आलं करणारे बावीस शेतकरी मिळून ती चालवतात. आठवड्यात कुणाला कधी पाणी, त्याला पाळी म्हणतात. तो तक्ता आण्णा हातानं करायचे आणि वीज कधी येणार ते बदललं की पुन्हा पहिल्यापासून लिहायचे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी म्हटलं, मी करून देतो. आण्णा खुर्चीत ताठ बसून एकेक पाळी सांगत होते आणि मी टाइप करत होतो. अकरावी पाळी झाल्यावर म्हणाले, "सोमवारी सकाळी हितं अर्दा तास रिकामा ठिव."

मी विचारलं, "कुणाचा?"

"ठिव म्हनलं न्हवं?"

हवालदाराला दुसऱ्यांदा विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी नावाच्या जागी काहीच न लिहिता ती ओळ ठेवली. कोरेगावात छापून आणलेला तो तक्ता पंपाच्या खोलीत बरीच वर्षं लटकत होता.

चार वर्षांपूर्वी गणपतीला रजेवर आलो तेव्हा मला त्या जुन्या सी प्रोग्रॅमची लाज वाटली. पंधरा दिवस बसून पायथनमध्ये नवा लिहिला. आता प्रत्येकाच्या मोबाइलवर पाळीचा मेसेज जाणार होता. सगळं बसलं, फक्त ती बिननावाची ओळ अडकली. नाव नाही, मोबाइल नंबर नाही, मेसेज पाठवायचा कुणाला? मी ती ओळ काढली आणि तो अर्धा तास बावीस जणांना सारखा वाटून टाकला. प्रत्येकाला दीडेक मिनिट जास्त मिळालं. हिशेब इतका सुबक जमला की मी स्वतःवरच खूश झालो. पाणी सोडणाऱ्या सदाभाऊंनी विचारलं, "आन् मदला अर्दा तास?" मी म्हणालो, "तो काढलाय. आता मोबाइल सांगेल तसं करायचं, सदाभाऊ." "बरं," म्हणून ते पंपाकडं निघाले. आण्णांनी मोबाइलवर फक्त आपलं नाव आणि वेळ बघितली आणि म्हणाले, "झ्याक केलंस."

त्याच वर्षी दिवाळीनंतर आई-आण्णांना तीन महिन्यांसाठी मी इकडं नेदरलँड्सला आणलं. पहिल्यांदा आणि शेवटचं. आमच्या घरामागं कुंपणात मेंढ्या चरतात. आण्णा रोज कोट चढवून तिथं जाऊन उभे राहायचे. मेंढ्या राखायला माणूस नाही याचं त्यांना लय नवल वाटायचं. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "बिरा आला आसंल आता. वाट बघत आसंल माजी." मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून 'हं' म्हणालो.

दोन वर्षांपूर्वी आण्णा गेले. मी दहाव्याला पोचलो. विधी उरकून घाटावरून परत येताना वेशीवरचा जनावरांचा हौद दिसला. तळाला पाला आणि माती. मी आईला सहज विचारलं, हा कधीपासून कोरडा? ती म्हणाली, "सोमवारचं पानी बंद झाल्यापास्नं."

"कसलं सोमवारचं पाणी?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग जे सांगितलं ते मला ऐकवेना. तो अर्धा तास हौदाचा होता. वाटेनं जाणाऱ्या मेंढपाळांसाठी गावानं राखलेला. त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही म्हणून कधी त्याचं नावही निघायचं नाही, आणि मी तो काढला तेव्हा गावाला वाटलं, आण्णांना विचारूनच काढला असेल. आम्ही इकडं असताना बिरातात्या आले, कोरडा हौद बघितला, एक दिवस थांबले आणि निघून गेले. आण्णा परतल्यावर त्यांच्या सगळं ध्यानात आलं. पण अर्धा तास परत मागायचा तर बावीस जणांपुढं पोराची चूक सांगावी लागली असती. "आमोलला कळू दिऊ नगंस, आसं हे म्हनलं. लय हौसंनं केलंय त्यानं," आई म्हणाली.

पुढच्या दिवाळीला आण्णांनी घरच्या बोअरचं पाणी घागरीनं नेऊन हौद भरला. दुखऱ्या गुडघ्यांनी, महिनाभर, दर दोन दिवसांनी. वडूजच्या बाजारात कुणाजवळ तरी निरोपही धाडला. बिरातात्यांचा फोन नंबर त्यांच्याकडं नव्हता, इतक्या वर्षांत त्याची कधी गरजच पडली नव्हती. तात्या आले नाहीत. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आण्णा गेले. मी दर रविवारी व्हिडिओ कॉल करत होतो. दर रविवारी ते म्हणायचे, सगळं झ्याक हाय.

परतीच्या आधी दोन दिवस मी वडूजला गेलो. विचारत विचारत बिरातात्यांची वस्ती सापडली. पाच-पंचवीस मेंढरं उरली होती, बाकीची विकलेली. त्यांनी मला लांबूनच ओळखलं. "आरं, आमोल! आण्णा न्हाई आलं?"

त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. ते खाली बसले, डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याच्या पदराशी चाळा करत राहिले. मग मी हौदाचं सांगितलं. चूक माझी होती, गावाची नव्हती, आण्णांची तर नव्हतीच, हे दोनदा सांगितलं.

"मला वाटलं, गावाला पानी कमी पडलं," ते म्हणाले. "आण्णा आसतं तर त्यांनी सोताची पाळी मेंढरास्नी दिली आसती आन् ऊस वाळवला आसता. म्हनलं, ते यायच्या आदी निगावं. फुडल्या सालाला वाटच बदलली."

"त्यांनी तुमच्यासाठी हौद भरून ठेवला होता, तात्या."

"कशानं?"

"घागरीनं."

म्हाताऱ्यानं पटका तोंडाला लावला. थोड्या वेळानं त्यांनीच माझी समजूत काढली, "तुला कुनी सांगितलं नसंल रं." पण मला सांगितलेलं होतं. ठिव म्हनलं न्हवं, इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलेलं होतं. मी जगभरच्या भाषांत नीटनेटकेपणा शिकत गेलो आणि ज्यांना बोलताही येत होतं आणि जे समोर बसले होते त्या आण्णांना मोठं झाल्यावर एकदा परत विचारायचं मला सुचलं नाही. याची खंत जात नाही. जाईल असं वाटतही नाही.

आता ऑफिसात कुणी म्हणालं, ही ओळ कुणी वापरत नाही, काढू का, तर मी म्हणतो, लिहिणारा जिवंत असेल तर आधी त्याला फोन कर. लोक हसतात, मीही हसतो.

वर्षातून एकदा घरी जातो. आई एकटी असते. कायमचं यायचं आता कुणी विचारत नाही. घर माझं आहे, सातबाऱ्यावर नावही लागलंय, पण मी तिथं कशालाही हात लावत नाही. आढ्याला एक दोर बांधलेला आहे, परड्यात एक दगड उभा रोवलेला आहे, गोठ्याच्या दाराशी भिंतीत एक खुंटी आहे, जिला कधी काही अडकवलेलं मी बघितलं नाही. आईला विचारतो, हे कशासाठी गं? जे माहीत असतं ते ती सांगते. बाकीच्या गोष्टींवर एकच उत्तर देते, तेही आण्णा आत्ता रानातून येणार असल्यासारखं.

"ते ह्यास्नी ठावं."