गेरूचा पट्टा

माझी सगळी नोकरी चंद्रपूरच्या जंगलात लाकूडतोडीवर देखरेख करण्यात गेली. त्यामुळे बिबवेवाडीच्या आमच्या सोसायटीत 'झाडं पाडणारे काका' अशी माझी ख्याती आहे. पण आमच्या तोडीला रीत होती. ओढ्याच्या काठाला कुऱ्हाड लावायची नाही. बी देणारी आणि ढोलीची झाडं राखायची. राखायच्या झाडाला गेरूचा पट्टा, बाकीची तोडायची. चार पावसाळ्यांनी परत जावं, तर मोकळ्या जागी ऊन पोचून सागाची रोपं कमरेला लागायची आणि ओढ्याचं पाणी पूर्वीसारखंच नितळ असायचं. मला त्याचा फार अभिमान वाटे.

फक्त पहिल्याच वर्षी एका पोकळ ऐनाच्या झाडाला पट्टा मारायचा राहिला. झाड पडलं तेव्हा धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून घेऊन आत अंड्यांवर बसलेली होती. ती वाचली नाही. ते अजून बोचतं.

गेल्या माघात सोसायटीने इमारतीमागची सहाही झाडं काढायचं ठरवलं. मी सभेत तासभर सगळ्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे कीड लागलेली तीनच तोडायची ठरली. राहिलेल्या तिनांत एक जुना शिरीष होता. त्याच्या ढोलीपाशी धनेशाची जोडी घुटमळत होती. महापालिकेची परवानगी आली. तोडीच्या आदल्या संध्याकाळी मी राखायच्या तिन्ही झाडांना गेरूचे झकास पट्टे मारले.

सकाळी चहा घेताना करवतीचा आवाज आला. खिडकीतून पाहतो तर माणसं शिरिषापाशी! बनियनवरच तीन जिने उतरलो आणि झाडाला मिठी मारली.

"काका, बाजूला व्हा. खुणेची तीन झाडं पाडायला सांगितलीत," करवतवाला म्हणाला.

"खूण राखायच्या झाडाला असते!"

"कुठं?"

"चंद्रपुरात," मी म्हणालो, आणि माझी चूक माझ्या लक्षात आली.

तोवर बायको खाली आली होती. "अहो, इथे पाडायच्यावर खूण करतात. निदान सांगायचं तरी!" मग माझ्या बनियनवर उमटलेला गेरूचा आडवा पट्टा तिने नीट पाहिला. "असू दे. तुम्हीही राखीव."

शिरिषावर बोटभर घाव तेवढा राहिला. महिन्याभराने नर ढोलीच्या फटीतून आतल्या मादीला उंबरं भरवताना दिसला. मी खिडकीत उभा राहून चक्क रडलो. इतक्या वर्षांनी त्या ऐनाचं ओझं जरा हलकं झालं होतं.