पंपाचा पोळा

आमच्या सरबताच्या कारखान्यात सगळ्यात जास्त बोलणारा माणूस म्हणजे नत्थूजी, पण ते बोलतात फक्त पंपाशी. माणसांसमोर त्यांच्या तोंडाला कुलूप. मी भरणीच्या यंत्रावर अकरा वर्षं उभी आहे, आणि माझ्या वाट्याला त्यांच्याकडून दिवसाला दोनच वाक्यं येतात, "चालू करू का?" आणि "बंद करून राहिलो." पंपाला मात्र त्यांच्या गावच्या, रामाकोन्याच्या, सगळ्या खबरा कळतात. कोणाची सोयरीक मोडली, कोणाच्या सुनेनं भाजीत मीठ किती घातलं, सगळं. मला याचा राग येतो. पंपाला चार जणांत सांगायची अक्कल नाही, मला आहे.

हा पंप संत्र्याचा पाक टाकीतून ओढतो आणि माझ्या यंत्राकडे ढकलतो. त्याचा दट्ट्या पुढे गेला की पाक उसळतो, मागे आला की थबकतो. तशा धक्क्यांनी बाटल्या भरल्या तर एक गळ्यापर्यंत भरेल आणि दुसरी कमरेपर्यंत. म्हणून पंपाच्या पाइपवर स्टीलचं एक गोल भांडं बसवलेलं आहे. त्यात रबराची पिशवी, पिशवीत नायट्रोजन. धक्का आला की पिशवी दबते, सरला की फुगते, आणि पाक माझ्याकडे सुतासारखा सरळ येतो. कागदोपत्री त्या भांड्याचं नाव डॅम्पनर. नत्थूजी त्याला वशिंड म्हणतात, कारण ते पंपाच्या खांद्यावर बैलाच्या वशिंडासारखंच बसलेलं दिसतं. आता तर सगळा कारखाना तेच म्हणतो.

वशिंडाची निगा मात्र त्यांच्यासारखी कोणी राखणार नाही. एकोणीस वर्षांत एक सोमवार चुकला नाही. आधी पंप बंद, मग पाइपातला दाब पूर्ण उतरवायचा, आणि त्यानंतरच पिशवीला गेज लावायचं. पाइपात चार किलोचा दाब चालतो, म्हणून पिशवीत त्याच्याहून थोडा कमी, तीन पूर्णांक दोन. "दाब न उतरवता पाहसान तं थो खोटं सांगते," असं ते एकदा कुलदीपला म्हणाले होते. कुलदीप म्हणजे त्यांच्या हाताखालचा दुसरा ऑपरेटर. त्याचा डोळा नत्थूजींच्या खुर्चीवर आहे आणि त्याला वाटतं ते कोणाला दिसत नाही.

गेल्या वर्षी गजेंद्र साहेब मॅनेजर म्हणून आले. माणूस इथूनच जवळच्या लोधीखेड्याचा, शेतकऱ्याच्या घरचा, पण खुर्चीत बसला की पुस्तकातलं बोलतो. यंदा श्रावणात आमची लाइन दोनदा थांबली. एकदा वीज गेली म्हणून, एकदा जाळीत चोथा अडकला म्हणून. नत्थूजींचा काडीचा दोष नव्हता, पण राग काढायला वीज सापडत नाही, माणूस सापडतो. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "आणखी एकदा लाइन थांबली तर पंपावर कुलदीप आणि तुम्ही गेटवर. ट्रकचे नंबर लिहीत बसा."

त्या दुपारी नत्थूजींनी डबा उघडला नाही. मी विचारलं तर अकरा वर्षांतलं तिसरं वाक्य बोलले. "छायाताई, गेटवर मी कोनासंग बोलू?" मला एकदम भरून आलं. मी आपली माझी चटणी त्यांच्यापुढे सरकवली.

मग पोळा आला. नत्थूजींची बैलजोडी उन्हाळ्यात विकली गेली होती, पोरानं ट्रॅक्टर घेतला म्हणून. पोळ्याला सजवायला दारात जनावर नाही, असं त्यांच्या जन्मात पहिल्यांदा झालं. पोळ्याला कारखाना बंद असतो, पण पंपाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे. त्यांनी वशिंडाला हळद-लोणी चोळलं, घुंगरांची माळ घातली, वर आपल्या बैलाची जुनी झूल टाकली, आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. एवढंच केलं असतं तर आम्ही वर्षभर हसलो असतो आणि विषय संपला असता.

दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्याची अर्धी माणसं नदीवर गोटमारीच्या दगडफेकीला गेलेली. तरी दारात ट्रक उभा होता म्हणून साहेबांनी लाइन लावली. पंप सुरू झाला आणि पाइप नाचायला लागला. घुंगरं अशी वाजत होती की मला आधी वाटलं बाहेर पोरं लाकडी बैलांचा तान्हा पोळा घेऊन आली. माझ्याकडे एक बाटली अर्धी, दुसरी ऊतू जाणारी. साहेब बघायला धावत आले, आणि ते पाइपापाशी पोचायला अन् पाइपाला जोडलेल्या नळीचा पट्टा निसटायला एकच गाठ पडली. साहेब डोक्यापासून बुटापर्यंत संत्रा झाले. नत्थूजींनी झेप घेऊन पंप बंद केला.

साहेबांनी तोंड पुसलं, वशिंड ठोकून पाहिलं आणि निकाल दिला, "पिशवी फाटली. पुण्याहून नवी यायला तीन आठवडे. यात कोणाची चूक नाही."

इथे गप्प बसले असते तर नत्थूजी सुटले होते. फाटलेल्या रबराबद्दल कोणी कोणाला गेटवर पाठवत नाही. मी त्यांच्याकडे पाहून डोळे मोठे केले, म्हणजे बोलू नका. एरवी तोंड न उघडणारा माणूस, नेमका तेव्हाच बोलला.

"पिशवी नाई फाटली साहेब. गॅस मी सोडला."

"कायले?" साहेबांचं पुस्तक गळून पडलं.

"पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाईत. याच्या पोटात तं वर्षभर तीन किलोचा भार. म्हटलं, एक दिवस मोकळा होऊ द्या. लिंबाच्या काडीनं व्हॉल्व्हची पिन दाबली. सकाळी भरून टाकू म्हटलं, तं सिलिंडरच रिकामं. तुमाले सांगाले आलो, तुमी फोनवर होते. हातानंच म्हणाले, चालू कर."

कुलदीप तेवढ्यात खुर्चीवरची धूळ झटकत होता.

नागपूरहून सिलिंडर दोन दिवसांनी येणार होतं. साधी हवा भरायची नाही, हे साहेबांना पाठ. उपाय नत्थूजींनीच काढला. नागपूर रोडवरचा दिलीप टायरवाला गाड्यांच्या चाकांत नायट्रोजन भरतो, आणि वशिंडाचा व्हॉल्व्ह अगदी ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखा आहे. त्यांनी वशिंड खोललं आणि मोपेड काढली. मांडीवर भांडं धरून मागे कोणी बसायचं, हा प्रश्न आला तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आधीच चिकट झालेली होते ना.

घुंगरू वाजवत, झूल उडवत आम्ही निघालो. दिलीपनं विचारलं, "गाडी कोणती?" मी म्हटलं, "बैलगाडी, मुकाट्यानं भर." नत्थूजींनी हिशोब आधीच केला होता, आपले तीन पूर्णांक दोन म्हणजे टायरवाल्याच्या मापानं सेहेचाळीस. दिलीपची आई इंदूबाई आतून आली, झूल पाहिली आणि काही न विचारता वशिंडाला कुंकू लावून गेली. सणासुदीला दारी आलेल्या बैलाला विन्मुख कसं पाठवायचं.

परत येऊन त्यांनी वशिंड बसवलं, नळीचा पट्टा आणि नट आवळले, पंप हळूहळू सोडला. पाइप गपगार. गेजचा काटा चारवर स्थिर, माझ्या बाटल्या एका रेषेत गळ्यापर्यंत. ट्रक भरून गेला. पण लाइन सव्वादोन तास थांबली होती, आणि साहेबांचा शब्द सगळ्यांनी ऐकला होता. कोणी सांगायच्या आत नत्थूजींनी आपला डबा उचलला आणि गेटच्या दिशेनं चालायला लागले.

"थांबा," साहेब म्हणाले. ते वशिंडाच्या कुंकवाकडे बघत होते. "यापुढे दरवर्षी पोळ्याच्या दिवशी तुमची ड्यूटी गेटवर. त्या दिवशी या खोलीत पाय ठेवायचा नाही. बाकी सगळे दिवस पंप तुमचा."

माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या कोणी साहेबांचे पाय धरले असते. नत्थूजी जागचे हलले नाहीत, त्यांचा चेहरा आणखी पडला.

"अन मंग त्या दिवशी त्याले पोळी कोन दाखवन?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. कुलदीपनं मान खाली घातली.

"मी दाखवीन," साहेब म्हणाले. "गॅस मात्र सोडणार नाही."

नत्थूजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि डबा परत खिळ्याला अडकवला.

"दाखवा," ते म्हणाले, "पन आंघोळ करून या लागन."

साहेब बरं म्हणाले. त्यांच्या कानात तेव्हाही पाक होता.