दुसरा कान

रेश्माचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग करत होते. "मावशी, अम्मी गेली..." एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि पट्टी पुरी गुंडाळली. आजोबांनी विचारलं, "कोण गेलं वो सिस्टर?" मी म्हटलं, "ओळखीच्या होत्या." रेश्माच्या आईनं, जैबूनआपांनी, मला हातात सुई धरायला शिकवली, आणि त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून एवढंच निघालं. रडू आलं नाही. खोटं कशाला लिहू?

कोल्हापुरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात आपा ऑपरेशन झालेल्यांच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. मी कसबा बावड्याच्या शेतकऱ्याची मुलगी, नर्सिंग करून तिथं नुकतीच लागलेली, इंजेक्शन भरताना दर वेळी आपांकडे बघायची. आपा मूळच्या इचलकरंजीच्या. घराला लागून यंत्रमागाचं शेड, लहानपण सगळं त्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरण्यात गेलेलं. आवाज खणखणीत, वॉर्डच्या या टोकाला ओरडल्या की त्या टोकाचा पेशंट गपकन गोळी गिळायचा. पण कुणी दुखणं सांगायला लागलं की हातातलं काम ठेवून त्याच्या तोंडाकडे एकटक बघत उभ्या राहायच्या. असं मन लावून ऐकणारं माणूस बघितलं नाही, असं पेशंट म्हणायचे.

वॉर्डात त्यांचा एक दंडक होता. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं तर एकटीनं ऐकायचं नाही. फोन जरा तिरका धरायचा, दुसरीनं डोकं जवळ आणून कान लावायचा, दोघींना पटलं तरच सुई भरायची, आणि डॉक्टर आले की त्यांची सही घ्यायची. स्पीकर लावायला सक्त मनाई. "पेशंटचं दुखणं काय चावडीवर वाचायचं हाय व्हय?" मला तर त्या मुद्दाम बजावायच्या, "पोरी, उद्या कोर्टात उभं राहायची येळ आली तर डॉक्टर म्हणंल, मी बोललोच न्हाई. तवा दुसरा कान लागतो की!" माझ्या पाळीत तो दुसरा कान बहुतेक त्यांचाच असायचा.

राधानगरीकडची एक बाई पोटाचं ऑपरेशन होऊन आमच्याकडे होती. गोठ्यात म्हशी कोण बघत असेल याचाच तिला घोर. एके दुपारी ती कळांनी तळमळायला लागली. वेदना थांबवायचं इंजेक्शन थोड्या वेळापूर्वीच दिलं होतं, म्हणून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "तेच परत द्या." मी म्हटलं, "सर, आत्ताच दिलंय. इतक्यात परत?" "द्या म्हटलं ना!" मी आपांकडे बघितलं. त्यांचं डोकं माझ्या डोक्याला टेकलेलं होतं. त्यांनी मान हलवली... होकाराची. त्या भरवशावर मी सुई भरली. त्यांनी नुसती भुवई उचलली असती तरी मी दिलं नसतं.

बाईचा श्वास मंदावत गेला. धावाधाव करून तिला अतिदक्षता विभागात नेलं. वाचली बिचारी. पण चौकशी बसली. डॉक्टर म्हणाले, मी असं सांगितलंच नव्हतं. सही करायलाही त्यांनी नकार दिला. मी मात्र निर्धास्त होते. माझ्याकडे दुसरा कान होता ना! आपांना बोलावलं. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मला तसं ऐकू आलं न्हाई." एवढंच बोलल्या आणि खाली बसल्या.

माझी नोकरी गेली. निष्काळजी नर्स म्हणून नाव झालं. भाजी आणायला गेले तरी मागं कुजबुज. जिला आईच्या जागी मानलं तिनंच केसानं गळा कापला, असं मी घरात कितीदा म्हटलं असेल. पुढं बावड्यातच एका लहान दवाखान्यात काम मिळालं. आपा होत्या तोवर त्यांच्या घराची पायरी मी परत चढले नाही.

आपांच्या चाळिसाव्या दिवशी त्यांच्या घरी गेले तेही आईनं ढकललं म्हणून. "मेल्या माणसाशी कसलं वैर गं?" घर माणसांनी भरलेलं आणि जो तो एकच सांगत होता, आपा किती मन लावून ऐकायच्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रेश्माला ते दिसलं असावं. तिनं मला आत नेलं, कपाटातून एक छोटी डबी काढून उघडली. कानाचं मशीन. नवंकोरं.

"अम्मीला ऐकायलाच कमी यायचं, मावशी. मागांच्या आवाजानं दोन्ही कान अधू झालेलं. तोंडाकडं बघून वळखायची. मशीन कवा घातलं न्हाई. कळलं असतं तर वॉर्ड काढून घेतला असता."

मी ती डबी हातात घेतली. आपा मोठ्यानं बोलायच्या खऱ्या, पण सगळेच मोठ्यानं बोलतात त्या कोल्हापुरात आवाजावरून कुणाचा कान ओळखणार? समोर माणूस असला की त्याचे ओठ वाचता येतात. फोनला ओठ कुठले? म्हणजे दर वेळी माझ्या डोक्याला डोकं लावून त्या नुसती मान हलवत होत्या. खोटी साक्ष दिली म्हणून मी राग धरला होता. त्या खरं बोलल्या होत्या हे आता कळलं, आणि राग दुप्पट झाला. 'मला फोनवरचं काहीच ऐकू येत नाही, पोरीनं बघितलं तेव्हा मी उगाच मान हलवली,' एवढं पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. वॉर्ड त्यांचा राहिला, माझा गेला.

"तुमाला सांगायला दोनदा बावड्याला निघालती," रेश्मा म्हणाली.

"निघाल्या होत्या म्हणजे आल्या नाहीत ना!" मी म्हटलं. पोर रडायला लागली. तिचा हात धरला तेव्हा कुठं मलाही रडू फुटलं... शेडमध्ये कांड्या भरत बसलेली, कान गमावणारी लहानगी जैबून डोळ्यांपुढं आली. माफ मात्र करवलं नाही. अजून नाही.

आमच्या दवाखान्यात डॉक्टरांचा फोन आला की मी अजून तो तिरका धरते. परवा माझ्याबरोबरच्या सुनीता सिस्टरनं कान लावला आणि मान हलवली. मी म्हटलं, "मान नको हलवूस. काय ऐकलंस ते तोंडानं म्हण."

"अगं, आत्ता दोघींनी ऐकलं की!"

"तरी म्हण."

तिनं औषधाचं नाव म्हटलं, किती द्यायचं ते म्हटलं. मगच मी सुई भरली. फोन केव्हाच ठेवला होता, तरी माझी मान आपा उभ्या राहायच्या त्या बाजूला कललेलीच होती.