पेटवायच्या चौदा पायऱ्या

१९ ऑगस्ट, मंगळवार. सकाळपासून संततधार. चारनंतर उघडीप. वारा अजिबात नाही. हवा दमट, आभाळ काळं.

हे माझ्याच वहीतलं, माझ्याच अक्षरातलं. नीट लक्षात ठेवा. मी लिहिलं, पण ध्यानात घेतलं नाही. पुढं जे झालं ते कुठल्या तोंडानं सांगू? पण तुमचा चहा प्यायलोय, तेव्हा सांगणं आलं.

माझी थोरली बहीण, आक्का, कुरुंदवाडला असते. दाजी गेल्या थंडीत गेले. मूलबाळ नाही. आमच्याकडं कसबा बावड्याला ये म्हटलं तर येत नाही. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा घरचा नियम. पण या पावसाळ्यात आक्का संध्याकाळचं जेवेनाच. दिवसाकाठी एकच जेवण! हातातल्या बांगड्या कोपराकडं घसरायला लागल्या.

"आक्का, संध्याकाळी का जेवत न्हाईस?"

"ताटातलं दिसत न्हाय रं बापू. पाचालाच काळोख पडतोय. सकाळी जेवलो की पोटभर."

झालं! रोग कळला. उजेड कमी! त्यात पावसानं वीज दिवसातनं चारदा जायची. मी वर बघितलं तर माळ्यावर दाजींची जुनी गॅसबत्ती. पितळी टाकी, वर काच, पंप मारून पेटवायची ती. आमच्या लहानपणी एका बत्तीत अख्खी गल्ली उजळायची.

"ही दुरुस्त करून आणतो."

"कशाला रं? ऱ्हाऊ दे ती तशीच."

हा मी तिचा भिडस्तपणा समजलो. नुसता समजलो नाही, तसं वहीत लिहूनही ठेवलं.

तुम्हाला माहीत आहे, मी रोजची डायरी लिहिणारा माणूस. पाऊस, वारा, दुधाला लागलेली साय, काही सोडत नाही. बत्तीसाठी तर स्वतंत्र वही घातली. पहिली नोंद : पंप हवा धरत नाही. उघडून बघितलं तर आतलं चामड्याचं वायसर वाळून पापडासारखं झालेलं. उपाय सोपा. तेलात भिजत घालायचं. मी वाटी घेतली, शेंगतेल ओतलं आणि ओट्यावर ठेवलं.

"अहो, वाटीत काय भिजतंय?" सुजाता, म्हणजे आमची बायको.

"वायसर."

"कसलं?"

"तसं म्हणजे... चामड्याचं."

"चामडं? माझ्या ओट्यावर? जैनाच्या घरात जन्मलाय न्हवं तुम्ही?"

वाटी, वायसर आणि मी, तिघंही अंगणात. दुसरी नोंद : वायसर मऊ झालं.

आता टाकीत हवा राहायला लागली, पण रॉकेल वर येईना. रॉकेलची वाफ ज्या बारीक भोकातनं सुटते त्या निप्पलात सुईच जाईना. मी ते उकळलं, घासलं, व्हिनेगरमध्ये बुडवलं, फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले. आठ दिवस गेले. शेवटी कोणीतरी सांगितलं, कोडोलीला बाबालालभाई आहेत, पूर्वी लग्नाच्या वरातीला बत्त्या भाड्यानं द्यायचे.

गेलो. आता तिथं त्यांच्या मुलाचं मोबाइल कव्हरचं दुकान आहे. बाबालालभाई कोपऱ्यात स्टुलावर बसलेले. त्यांनी निप्पल उजेडाला धरलं, भिंग लावलं, उलटसुलट करून बघितलं.

"पावणं, हे बिघडलेलं न्हाय."

"मग?"

"कथील वितळवून भोक बंद केलंय. काय सफाईचं काम हाय! कुणीतरी मुद्दाम केलंया."

"मुद्दाम कोण करेल हो?"

"ज्याची बत्ती त्याला इचारा की."

"ते वारले."

"मग त्येंच्या माणसाला इचारा."

मी विचारलं का? छे! हातात वही असताना विचारायचं कशाला? मी लिहिलं : निप्पलात काजळी घट्ट बसली आहे. आणि नवं निप्पल टाकायला सांगितलं. बाबालालभाईंनी माझ्याकडं बघितलं, म्हणाले, "तुमची मर्जी." जुनं निप्पल मात्र कागदात गुंडाळून माझ्या खिशात घातलं.

मग रॉकेल. हल्ली रॉकेल मागितलं की दुकानदार आपल्याला वरपासून खालपर्यंत बघतो, जसं काही मी शिलालेख मागतोय. दोन लिटरसाठी चार दिवस फिरलो.

सुजाता म्हणाली, "एवढं पळायपेक्षा आक्कांजवळ चार संध्याकाळी जाऊन बसला असता."

"बसून उजेड पडतो काय?" मी म्हणालो.

हे वाक्यसुद्धा लक्षात ठेवा.

तर मंगळवारी सव्वासहाला कुरुंदवाडला पोचलो. वीज गेलेलीच होती. आक्काच्या स्वयंपाकघरात बत्ती ठेवली, वही उघडली. पेटवायच्या चौदा पायऱ्या लिहिल्या होत्या. एकेक वाचत, एकेक करत गेलो. स्पिरिट पेटवलं, पंप मारला, आणि भस्सकन काचेतला जाळीचा मेंटल पांढराशुभ्र झाला! भिंतीवरचा खिळान्‌ खिळा दिसायला लागला. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. मीच भाकरी वाढली, आमटी वाढली.

"आक्का, बस. जेव आता. बघ, ताटातली मोहरी मोजून घे."

आक्का दारातच उभी.

"दिव्याच्या उजेडात?" ती म्हणाली.

आणि ती आली. आक्का नव्हे, पाखरं! पाऊस उघडलेला, वारा पडलेला, हवा दमट. वाळवीला पंख फुटायला आणखी काय लागतं? खिडकीतनं, कौलांतनं, दारातनं. आधी दहा, मग शंभर, मग मोजदाद संपली. तापल्या काचेवर आपटून पडायला लागली. आमटीत, भाकरीवर, माझ्या वहीवर. जळक्या पंखांचा वास सुटला.

"विझव!" आक्का ओरडली. दाजी गेल्यापासून एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

मी वहीची पानं उलटायला लागलो. पेटवायच्या चौदा पायऱ्या. विझवायची? एकही नाही!

"बापू, विझव रं!"

"थांब, बघतो... कुठं लिहिलंय..."

आक्का पुढं आली, हात घातला, टाकीवरचा एक स्क्रू फिरवला. फुस्स. अंधार.

अंधारात पंखांची फडफड ऐकू येत होती.

मग ती बोलली, "लगीन झालं त्या वर्षी, भाद्रपदात, एका संध्याकाळी बत्तीखाली सूपभर पाखरं मेली. त्येंनी त्याच रात्री भोक बुजवलं. मी कथील धरून हुतो. पुन्हा कुणी चुकून पेटवू नये म्हणून."

माझा हात खिशात गेला. कागदाची पुडी तशीच होती.

"आणि तुला उजेडाची का पडली हुती? काळोखाचं मी नुसतं निमित्त सांगितलं. पाचाला पुढच्या सोप्यात उजेड असतोच की. आम्ही दोघं दारात ताटं घेऊन बसायचो. ते किडामुंगी बघून माझं ताट निवडून द्यायचे, मी त्येंचं. आता एकट्यानं काय बसायचं दारात?"

मऊ कुंचल्यानं जिवंत पाखरं सुपात घेऊन आम्ही परसात सोडली. मेलेली जास्त होती.

२० ऑगस्ट, बुधवार. पाऊस रिमझिम. वारा पश्चिमेचा. आक्काचा प्रायश्चित्ताचा उपवास. सकाळचं जेवण नाही, संध्याकाळचं जेवण नाही. माझंही नाही. दोघं सोप्यात बसलो, दिवस मावळेपर्यंत. गॅसबत्ती उत्तम चालते.