तिसरी कॉट

त्यांना सगळं गाव वहिनी म्हणायचं. त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आजोबाही वहिनी म्हणायचे आणि कालपरवा शाळेत जायला लागलेली पोरंसुद्धा. खरं तर त्या वहिनी होत्या एकाच माणसाच्या, धाकट्या दिरांच्या. पण दीर पडले बोलके. दारात कोणीही काही मागायला आलं की ते म्हणायचे, "आमच्या वहिनीला विचारून सांगतो." त्यामुळे ते नाव एकदा चिकटलं ते चिकटलंच.

हे दीर म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा माणूस. शेजाऱ्याच्या विजेची तार जोडायला शिडीवर चढले आणि पाय मोडून घेऊन खाली आले. शेजाऱ्याचा दिवा काही लागलाच नाही, ते वेगळंच. पाय बरा झाल्यावर कुबड्या दाराआड उभ्या राहिल्या. मग त्या कोणीतरी मागून नेल्या, त्यांच्याकडून आणखी कोणी नेल्या, आणि त्या पुन्हा कधी घरी आल्याच नाहीत. दिरांना राग यायला हवा होता. त्यांना उलट कल्पना सुचली. दुखणं संपल्यावर लोकांच्या माळ्यावर काय काय पडलेलं असतं, ते मागून आणायचं आणि ज्याला लागेल त्याला वापरायला द्यायचं.

छापखान्यामागची एक खोली मिळाली. खोलीला शाईचा वास होता, आणि यंत्र सुरू झालं की भिंतीला टेकवलेल्या काठ्या आपोआप सरकत दारापर्यंत यायच्या. दाराबाहेर पाटी लावली, 'रुग्णसाहित्य केंद्र'. पहिल्याच आठवड्यात एक कवी वही घेऊन आले. वहिनींनी त्यांच्या चार कविता निमूट ऐकल्या, घरी कोण कोण असतं ते विचारलं आणि आईसाठी वॉकर देऊन त्यांना वाटेला लावलं.

वहिनी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सकाळची पाळी संपवून त्या दुपारी केंद्रात यायच्या. त्यांच्या यजमानांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यांना सगळे रेडिओवाले म्हणत. रेडिओवाल्यांना हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. "तुम्हा दोघांना दुसरे उद्योग नाहीत का?" असं ते म्हणायचे, आणि रविवारी पक्कड, तेलाची बाटली घेऊन स्वतःच खोलीत येऊन चाकाच्या खुर्च्या उलट्या करायचे. तोंडाने कुरकुर, हाताने काम. या माणसाने आयुष्यात एक गोष्ट गप्प बसून केली असेल तर शपथ.

सुरुवातीच्याच त्या दिवसांत वहिनींच्या हातून एक चूक झाली. एक तरुण पोस्टमन आईसाठी नेलेली चाकाची खुर्ची परत घेऊन आला. खुर्चीत टपालाची पिशवी ठेवून तो ती ढकलत आला होता. वस्तू परत आली म्हणजे माणूस हिंडूफिरू लागला, एवढंच वहिनींच्या डोक्यात. त्या आनंदाने ओरडल्या, "अरे वा! झाली का सुटका? चालायला लागली वाटतं आई!"

"हो," पोस्टमन म्हणाला. "झाली सुटका." आणि तो तसाच उभा राहिला.

वहिनींना कळलं तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. पोस्टमनने पाणी मागितलं, पाणी पिऊन त्याच खुर्चीत बसला आणि पिशवीतली पत्रं तशीच ठेवून आईबद्दल बोलत राहिला. पुढच्या आठवड्यात तो आपण होऊन आला. गावातला पत्तान् पत्ता त्याला पाठ होता, त्यामुळे सामान पोचवायचं काम त्याने अंगावर घेतलं आणि ते नोकरी संपली तरी सुटलं नाही.

दिरांनी त्या दिवसापासून नियम केला. परत आलेली वस्तू घ्यायची, पुसायची, माणसाला बसायला द्यायचं. का परत आली, ते विचारायचं नाही. ज्याला सांगायचं असेल तो सांगेल. वहिनींनी हा नियम असा काही पाळला की नवीन येणाऱ्या प्रत्येकाला त्या तो आधी शिकवायच्या. एक्स्चेंजमध्ये माणसं जोडून द्यायची आणि त्यांचं बोलणं ऐकायचं नाही, याची त्यांना सवयच होती.

दुसरा नियम मात्र वहिनींचा स्वतःचा होता. गरज संपली की वस्तू आठवड्याच्या आत परत. त्यात दयामाया नाही. एका वकिलांनी चाकाची खुर्ची गच्चीवर नेऊन तिच्यावर फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या. वहिनींनी फोनवर आपला ऑपरेटरचा आवाज काढून त्यांना सांगितलं, "झाडांना पाय नसतात वकीलसाहेब, त्यांना फिरायला लागत नाही." संध्याकाळी वकील स्वतः खुर्ची ढकलत आले, आणि सोबत एक कुंडीही आणली.

किती मजेचे दिवस होते ते! खोलीत बसायला जागा नसायची, कोणी वॉकरवर टेकलेलं, कोणी उलट्या बादलीवर. छापखान्याचं यंत्र थांबलं की सगळ्यांचे आवाज एकदम मोठे वाटायचे आणि सगळे एकदम गप्प व्हायचे. पुढे दीर गेले. छापखाना बंद झाला. खोली राहिली, पोस्टमन राहिले, वहिनी राहिल्या.

मग रेडिओवाल्यांना झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. केंद्रात तेव्हा हँडल फिरवून डोकं वर करता येणाऱ्या तीन कॉट होत्या. दोन बाहेर होत्या, तिसरी पोस्टमननी वहिनींच्या घरी आणून खिडकीशी लावली. हिच्या हँडलचे झिजलेले दात रेडिओवाल्यांनीच कधीतरी बसवून दिले होते. अर्ध्या तोंडाने का होईना, ते बोललेच, "माहीत असतं तर जरा नीट केलं असतं."

त्या कॉटवर ते बरेच महिने होते. दुपारी वहिनी डोक्याकडची बाजू वर करायच्या, रेडिओ लावायच्या, आणि मग दोघांचं भांडण सुरू व्हायचं. चहात साखर कमी, खिडकीचा पडदा वाकडा, बातम्या वाचणारी बाई घाई करते. वहिनी म्हणायच्या, "तोंड तेवढं शाबूत ठेवलंय देवाने." ते म्हणायचे, "अर्धंच." एका सकाळी ते गेले, झोपेतच.

आठवडा झाला, महिना झाला. कॉट खिडकीशीच राहिली. वहिनी रोज केंद्रात यायच्या, काठ्या पुसायच्या, हवेच्या गाद्यांची भोकं शोधायच्या, लोकांकडून वस्तू परत मागायच्या. त्यांच्यापुढे कॉटबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. काढणार कसं? का परत आली हे जिथे विचारायचं नाही, तिथे का नाही आली हे कोण विचारणार! घरी गेल्यावर चादर सारखी करून त्या डोक्याकडची बाजू वर करायच्या आणि रेडिओ लावायच्या. कॉट गेली की ते खरोखर गेले, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांना ते नको होतं. उन्हाळा जाऊन थंडी आली.

एका दुपारी इस्त्रीवाल्याची बायको केंद्रात आली. चौकातलं इस्त्रीचं दुकान त्यांचं. नवरा दुकानाच्या पायरीवरून पडला होता, कमरेचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन घरी आला होता.

"खाली गादीवर ठेवलंय हो," ती म्हणाली. "उठवायचं म्हणजे मी एकटी. त्यांना कळ सोसवत नाही, अन् मला ते पेलवत नाहीत. डॉक्टर म्हणाले, तुमच्याकडे वर होणारी कॉट मिळते." तिची दोन्ही मनगटं सुजली होती आणि एकावर पट्टी होती. त्या हातांनी ती अजून इस्त्रीही करत होती.

पोस्टमन भिंतीकडे बघत म्हणाले, "सध्या नाहीये बाई. तीनच आहेत, तिन्ही बाहेर आहेत. आली की कळवतो."

"कधी येईल?"

"ते आम्ही..." पोस्टमन थांबले. "ते सांगता येत नाही."

ती बाई वहिनींकडे वळली. "तुम्ही इथल्या मुख्य ना? बघा ना जरा. कोणाचं काम झालं असेल तर."

वहिनींच्या हातात वॉकरची रबरी टोपी होती. ती त्या फिरवत राहिल्या. "बघते," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी रेडिओ लावला नाही. कॉटच्या कडेला बसल्या. हँडल सैल झालंय, असं एकदा मनाशी म्हणून बघितलं. चाक अडकतं, जरा दुरुस्त करून देऊ, असंही म्हणून बघितलं. पण दुरुस्त करणारा माणूसच कुठे होता? वकिलांच्या कुंड्या आठवल्या आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मग त्या पोटभर रडल्या आणि चादर काढून घडी घातली.

सकाळी त्यांनी पोस्टमनना फोन केला. "पोस्टमनभाऊ, टेंपो घेऊन या. मी पण येतेय."

इस्त्रीवाल्याचं घर म्हणजे दुकानामागची एकच खोली. गरम कापडाचा वास, आणि लोकांच्या कपड्यांच्या कडक घड्या पार छतापर्यंत. घरातल्या माणसाचा सदरा तेवढा चुरगळलेला. पोस्टमननी आणि टेंपोवाल्याने कॉट जोडली, तिघाचौघांनी मिळून इस्त्रीवाल्याला उचलून वर ठेवलं. वहिनींनी हँडल हातात घेतलं. बायकोला जवळ बोलावून दाखवलं, "असं सावकाश. झटका द्यायचा नाही. मध्ये कुरकुरतं, घाबरायचं नाही."

इस्त्रीवाला हळूहळू बसता झाला. कित्येक दिवसांनी त्याला छताऐवजी उघड्या दारातून दुकान दिसलं. तो क्षणभर बघत राहिला आणि ओरडला, "अगं, ती इस्त्री! आडवी ठेवून आलीस का? मास्तरांचा शर्ट जळेल!"

"बसले की लगेच सुरू!" बायको म्हणाली, धावत जाऊन इस्त्री उभी करून आली, आणि पदराने डोळे पुसत हसायला लागली. मग कॉटच्या दांडीवर हात ठेवून तिने विचारलं, "ताई, आधी कोण होतं हो हिच्यावर? बरं झालं ना ते माणूस?"

पोस्टमन खाकरले. असं कोणी विचारलं की केंद्राची माणसं काहीतरी बोलून विषय बदलायची. ते तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "माझे मिस्टर होते. नाही झाले बरे."

इस्त्रीवाल्याने बायकोकडे बघितलं. तिने दांडीवरचा हात काढला नाही. पायाशी पडलेला गठ्ठा सरकवून तिने स्टूल मोकळं केलं आणि वहिनींच्या पुढे ठेवलं.

"बसा ना," ती म्हणाली. "कसे होते हो ते?"

रेडिओवाले गेल्यापासून वहिनींना हे कोणीच विचारलं नव्हतं. सगळे इतके जपून वागत होते. वहिनींनी पोस्टमनकडे बघितलं, तर त्यांनी मान खाली घातलेली. वहिनी स्टुलावर बसल्या.

"भांडखोर," त्या म्हणाल्या. "एक नंबरचे भांडखोर. पहिल्यांदा आमचं भांडण झालं ना..."

पोस्टमन हळूच बाहेर आले आणि टेंपोवाल्याला म्हणाले, "तू जा. आम्हाला वेळ लागेल."